एकच काना

स्किप्टनच्या कम्युनिटी हॉलमध्ये शनिवारी सशांचं प्रदर्शन.
दोन पौंड प्रवेश, चहा वेगळा.
सुक्या गवताचा वास, खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर
मिरीच्या दाण्यांसारख्या लेंड्या.

शर्वाणी नऊ वर्षांची. ससा घ्यायचं कबूल केलं होतं.
"कान कसे हवेत तेवढं ठरव," मी म्हणाले,
जसं काही कान पडद्यांसारखे निवडायचे असतात.

पण इथे लोक निवडतच होते.

पांढऱ्या कोटातले मिस्टर ॲक्रॉइड
लाकडी फूटपट्टीने एकाचे कान मोजत होते,
या टोकापासून डोक्यावरून त्या टोकापर्यंत,
शिंपी खांदे मोजतो तसे.
सव्वीस इंच!
ससा गप्प. कान टेबलावर दोन्हीकडे सांडलेले.
चालताना त्याचा पाय त्याच्याच कानावर पडतो म्हणे.
आमच्या ऑफिसात आहे असा एक,
पण त्याला आम्ही हलक्या कानाचा म्हणतो.

पुढच्या पिंजऱ्यात मुठीएवढा एक,
कान भुईमुगाच्या शेंगांसारखे, सदा टवकारलेले,
शेजारच्या भांडणातला
एकही शब्द सुटू नये म्हणून.

मला उभेच आवडले.
उभ्या कानाला काही लपवता येत नाही.
भ्यायला की मागे, नवल वाटलं की पुढे,
मनातलं सगळं छपरावर.
शिवाय ट्यूबलाइटखाली ते गुलाबी होतात
आणि आत शिरांचं एक लहानसं झाड दिसतं.

शर्वाणीला लोंबते हवे होते.
"ते आधीच सॉरी म्हणाल्यासारखे दिसतात, आई."

मी पिंजऱ्यावरचं लेबल वाचत राहिले.
दोनदा वाचलं.
मार्चपासून तिचा बाबा लीड्सला राहतो.

डोरीन नावाच्या बाईने थर्मास बंद केला, म्हणाली,
लोंबकानेही लहानपणी उभ्या कानांचेच असतात.
मग कान जड होतात,
काही दिवस विमानाच्या पंखांसारखे आडवे,
कुठे जावं ते न ठरलेले,
आणि एका सकाळी बघावं तर पडलेले.
पडलेल्या कानांना जरा जपावं लागतं.
आत मळ साठतो, कोणाला दिसत नाही.
"आणि ऐकू?" शर्वाणीने विचारलं.
"येतं की. थोडं कमी. पण येतं."

मग तिने टेबलाखालचं खोकं पुढे ओढलं.
बिस्किटाच्या रंगाचा. उजवा कान उभा, डावा पडका.
थंडीत जन्मला, म्हणाली,
इकडची थंडी कुठलंच काम पुरं करत नाही.
याला स्पर्धेत घेत नाहीत. नियम आहे.

तेवढ्यात आत स्वयंपाकघरात झाकण पडलं.
उजवा कान गर्रकन तिकडे वळला.
डावा तसाच,
कानाडोळा करत.

शर्वाणी हसली. मार्चनंतर अशी
नाकातून फुर्र होईपर्यंत
पहिल्यांदाच.

परतताना पाऊस, काचा धुकटलेल्या.
मांडीवर खोकं, खोक्यात खुडबुड.
तिने बोटाने काचेवर लिहिलं: ससा.
"बघ, ह्यालापण एकच काना!"
रविवारच्या मराठी वर्गात
काना कुठे द्यायचा यावर तिची रोज चूक निघते.
हा मात्र बरोबर दिला, जरा उंचच.
कीथलीच्या सिग्नलपर्यंत तो ओघळून
दाराच्या रबरात गेला.

नाव अजून ठरलं नाही.
पाण्याची वाटी त्याने दोनदा उलटी केली,
सोफ्याचा कोपरा कुरतडून बघितला, नापसंत केला.

आठ वाजता लीड्सहून फोन आला.
"हॅलो? हॅलो, शरू?"
तिने तो सशाच्या उभ्या कानाला लावला
आणि श्वास रोखून थांबली.

मी पडक्या कानाच्या बाजूला बसले होते.